दारात खोकून जा

मलकापूरच्या मिरची बाजारात पहिल्यांदा आलेला माणूस आधी शिंकतो, मग खोकतो आणि मग रुमाल शोधतो. तोवर उशीर झालेला असतो. सवयीची माणसंसुद्धा खोकतातच, फक्त ती खोकता खोकता चहा पितात, भांडतात, एकमेकांच्या पोरींची लग्नं जमवतात. एका अंगाला खानदेश, दुसऱ्या अंगाला बऱ्हाणपूरची वाट आणि मध्ये आपला वऱ्हाड, त्यामुळे या बाजारात तीन तऱ्हांची बोली ऐकू येते. खोकला मात्र सगळ्यांचा एकच असतो, आणि फेब्रुवारीत तर तो स्टँडपासूनच कानावर पडायला लागतो.

अशाच एका फेब्रुवारीत रोहिणखेडची महामाया आपल्या आठ वर्षांच्या प्राचीला घेऊन बाजारात आली आणि आल्या आल्या तिला स्वतःचाच राग आला. प्राचीला दमा होता. दम्याच्या पोरीला मिरची बाजारात आणायचं म्हणजे कमाल झाली, हे तिलाही कळत होतं. पण इलाज नव्हता. गावातल्या बायांच्या बचत गटाचा मसाला तिच्या भरवशावर चालायचा. गेल्या वर्षी फोनवर मिरची मागवली, तर निम्मी ओली निघाली, बुरसली, आणि बायांनी महिनाभर तिचं डोकं खाल्लं. यंदा स्वतः बघून, हातात घेऊन, मोडून पाहून मिरची घ्यायची असं तिनं सगळ्यांसमोर कबूल केलं होतं. नेमकी त्याच दिवशी मलकापूरच्या डॉक्टरांनी प्राचीला दोनची वेळ दिली. नवरा देवानंद नांदुऱ्याला जिनिंगमध्ये कामाला, आणि कापसाच्या दिवसांत त्याला सुट्टी मागणंसुद्धा मुश्कील.

दोनची वेळ चुकवून चालणार नव्हतं. त्या हिवाळ्यात प्राचीला दोनदा भरती करावं लागलं होतं. दुसऱ्या वेळी डॉक्टर स्पष्टच बोलले होते, असा आणखी एक झटका आला तर इथं थांबू नका, थेट अकोल्याला न्या. तेव्हापासून महामाया पोरीच्या खांद्यांकडे बघत जगत होती. श्वास अडायला लागला की प्राचीचे खांदे कानांकडे चढायचे. वर्गाच्या खिडकीतून, रस्त्यापलीकडून, पाठमोरी असली तरी आईला ते कळायचं.

अडतीच्या दुकानात रमाकांत दिवाणजी बसले होते. साठीला टेकलेले, धुतलेला सदरा, बोलणं मऊ. त्यांनी प्राचीच्या तोंडाला बांधलेला ओला रुमाल पाहिला आणि लगेच उठले.

"ताई, हिला इथं नका बसवू. आता हर्रास सुरू होईल, लिलावात ढीग हलवतील, मग बघा कशी धूळ उठते."

"मंग कुठी बसवू, दादा? दम लागते तिले. अन् मले तं हर्रासात उभं राहाच लागन."

"मागं वखार आहे. देठ खुडणाऱ्या बाया आत्ताच जेवायला गेल्यात. काम थांबलं की धूळ बसून जाते. आत गारवा आहे. दार मी लोटून घेतो, म्हणजे बाहेरचं काही आत येणार नाही."

सल्ला शहाण्या माणसाचा होता आणि मनापासून दिलेला होता. मिरचीच्या धंद्यात बत्तीस वर्षं काढलेल्या कोणीही हेच सांगितलं असतं. दिवाणजींना एकच गोष्ट ठाऊक नव्हती, कारण ती बायांची गोष्ट होती आणि बायांनी ती त्यांना सांगायचं काही कारणही नव्हतं.

वखार लांबच लांब होती, पत्र्याची, वर एकदोन झरोके. दोन्ही बाजूंना लाल ढीग आणि मधून बायांच्या बसण्याची ओळ. ओळीत गोणपाटाच्या घड्या, प्रत्येकीपुढं टोपलं, बाजूला सूप. महामायानं दाराजवळच्याच गोणपाटावर प्राचीला बसवलं. पाण्याची बाटली एका हाताशी ठेवली, दम्याचा पंप दुसऱ्या हाताशी.

"हालू नको इथून. मी आलीच."

"मम्मी, रुमाल सोडू का? इथी वासच नाही येऊन राह्यला."

मिरचीनं भरलेल्या वखारीत मिरचीचा वास नाही! दुसरं कोणी असतं तर तिथंच थबकलं असतं. महामायाला मात्र तेवढंच बरं वाटलं. चला, पोरीला सोसेल, असं म्हणून ती घाईनं बाहेर पडली.

हर्रास नेहमीसारखाच झाला, म्हणजे गोंगाटात. पुकारणारा मधेच खोकायचा, घेणारे खोकायचे, हमाल खोकायचे, आणि त्या सगळ्यातून बरोबर कोणाचा ढीग कोणाला गेला ते कळायचं. महामायानं चार ढिगांतली मिरची मोडून पाहिली. तिसऱ्या ढिगातली कडक होती, बी पिवळं, रंग एकसारखा. दोन व्यापारी हटून बसले होते, पण तीही हटली नाही, आणि ढीग गटाच्या नावावर सुटला. खोकून खोकून डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी तिला हसू येत होतं. आता कोण डोकं खातं ते बघू, असं मनाशी म्हणत ती वखारीकडे वळली. जेमतेम वीस मिनिटं झाली होती.

वखारीपुढच्या कडुलिंबाखाली देठ खुडणाऱ्या बाया जेवत होत्या. दिवसभर मिरचीत बसून भाकरीवर पुन्हा ठेचाच. त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी सोजराबाई झाडाच्या बुंध्याला टेकून बसली होती. तिनं महामायाला दाराकडे जाताना पाहिलं.

"कोनाची व माय तू? तिकडं कुठी चालली?"

"रोहिणखेडची हाओ मी. पोरगी आत बसली हाये माही. तिले घेऊन दवाखान्यात जानं हाये."

"आत म्हंजे?"

"वखारीत."

एकेक करून बायांचे घास थांबले. सोजराबाईनं हातातली भाकरी फडक्यावर ठेवली.

"एकटी?"

"हाव. दिवाणजीनं सांगतलं, आता धूळ नाई म्हणून…"

"दिवाणजीले काय ठाऊक," सोजराबाई उठत म्हणाली. "दुपारचा कधी आत पाय ठेवला काय त्यानं? आमी काऊन सगळ्या बाहेर येऊन जेवतो वो बाई, एवढ्या उन्हाच्या? चाल. पन दारात आधी खोक. आमी रोजच खोकतो. मंग आतलीले समजते, तिची कामाची पाळी संपली, आपली सुरू झाली."

"आत कोन हाये?"

सोजराबाईचा आवाज एकदम खाली आला. "जे खोकत नाई ते."

महामाया असल्या गोष्टींना मुळीच भीक घालणारी बाई नव्हती. गावात कोणाच्या अंगात आलं की ती तोंडावर सुनवायची, विहारात पोरांना या वेडेपणापासून लांब राहा म्हणून सांगायची. तिला सोजराबाईचा संतापच आला. आपली पोर आत आहे आणि ही म्हातारी काय बडबडतेय! तिनं पुढं होऊन दार ढकललं. खोकली नाही.

आत पाऊल टाकलं आणि बाजार बंद झाला. एवढा मोठा कलकलाट पाठीमागं चालू होता, तो कोणी दार लावून घ्यावं तसा बंद. हवा स्वच्छ होती, गार होती, आणि तिला कसलाही वास नव्हता. सकाळपासून महामायाच्या घशात जी आग होती तीही गेली.

गोणपाटावर बाटली होती. पंप होता. प्राची नव्हती.

कट्… कट्… कट्…

आवाज ओळीच्या पार टोकाकडून येत होता. देठ मोडल्याचा आवाज. झरोक्याच्या उजेडाची तिरीप जिथं संपत होती तिथं दोघी पाठमोऱ्या बसल्या होत्या. एक बाई, डोक्यावरून पदर घेतलेली. आणि तिला लागून प्राची. दोघींचे हात एकदम टोपल्यात जात होते, एकदम वर येत होते. आठ वर्षांच्या पोरीला सफाईनं मिरची खुडता येत नाही, आणि प्राचीनं तर जन्मात कधी खुडली नव्हती.

महामायानं सवयीनं पोरीच्या खांद्यांकडे पाहिलं. ते कानांकडे चढलेले नव्हते. दम लागलेला नव्हता. तिला हायसं वाटलं, आणि पुढच्याच क्षणाला तिनं पुन्हा नीट पाहिलं. खांदे खालीही येत नव्हते. वर नाही, खाली नाही. त्या बाईची पाठ जशी हलत नव्हती तशीच प्राचीचीही हलत नव्हती. दोघींचे फक्त हात चालू होते.

"प्रा…"

"नाव घेऊ नको तिचं…" दारातून सोजराबाई कुजबुजली. ती उंबऱ्याच्या बाहेरच थांबली होती. "तिले समजन नाव… मंग देनार नाई… खोक, माय. तू खोक…"

महामायानं खोकायचा प्रयत्न केला. खोकला येईना. घसा कोरा, मोकळा, जणू या घशाला खोकणं कधी माहीतच नव्हतं. तिनं छाती आवळली, तोंड उघडलं, नुसती हवा बाहेर आली.

"येत नाई… मावशी, येतच नाई…"

"मंग पोरीले खोकव…"

हे सांगणं सोपं होतं. ज्या आईनं तीन वर्षं घरात उदबत्ती लावली नाही, फोडणी देताना पोरीला अंगणात पाठवलं, झाडण्याआधी जमिनीवर पाणी शिंपडलं, तिला कोणीतरी सांगत होतं की आता तूच तिचा श्वास कोंड. अकोल्याला न्यायची वेळ आली तर? रस्त्यातच काही झालं तर? महामायाच्या मनात हे सगळं आलं आणि तिला भयंकर भीती वाटली. पण समोर पोरीची पाठ हलत नव्हती, आणि त्याहून मोठी भीती दुसरी कुठलीच नव्हती.

तिनं पायाशी पडलेलं सूप उचललं, बाजूच्या ढिगात खुपसलं आणि भरलेलं सूप पोरीच्या दिशेनं उधळलं.

मिरच्या खाली पडल्याचा आवाजही झाला नाही. कट्… कट्… कट्…

दुसरं सूप. महामाया आता ढिगात गुडघ्यापर्यंत शिरली होती. मिरच्या पायाखाली चुरत होत्या. तिसरं सूप तिनं भरलंच नाही, खालचा चुरा आणि बी दोन्ही हातांनी ओरबाडून हवेत उधळलं आणि सुपानं जोरजोरात वारा घातला. लाल धुळीचा लोट उठला आणि ओळीवरून पलीकडे सरकत गेला.

आणि वास आला. एकदम, तोंडात मारल्यासारखा. तिचे डोळे चरचरले, घसा पेटला, आणि त्या धुळीतून पलीकडून एक बारीकसा खोकला ऐकू आला.

प्राची खोकली. मग पुन्हा खोकली. मग खोकतच सुटली, कमरेत वाकून, टोपल्याला धरून. महामायाला रडूच फुटलं. या खोकल्यासाठी तिनं किती रात्री जागून काढल्या होत्या, किती दवाखाने पालथे घातले होते, आणि आज तोच ऐकून तिला वाटलं, खोक माझे बाई, खोक, पाहिजे तेवढी खोक.

देठ मोडायचा आवाज थांबला होता. पदर घेतलेलं ते डोकं हळूहळू वळायला लागलं होतं. महामायानं ते वळायची वाट पाहिली नाही. तिनं पोरीला कमरेत धरून उचललं आणि खोकत, ठेचकाळत, मिरच्या तुडवत दाराबाहेर आली. बाजाराचा गोंगाट तिच्या अंगावर येऊन आदळला आणि तो तिला इतका आवडला की काही विचारू नका.

बायांनी प्राचीला झाडाखाली नेलं. एकीनं आत न बघता हात घालून पंप ओढून आणला, दुसरीनं गूळ दिला, तिसरीनं पदरानं वारा घातला. प्राची चारपाच वेळा खोकली, शिंकली, नाक पुसलं आणि गूळ चघळायला लागली. महामाया तिच्या छातीला कान लावून बसली होती. झटका येईल, आत्ता येईल, म्हणून पंप हातात धरून. पण शिट्टी नव्हती. घरघर नव्हती. पाच मिनिटं गेली, दहा गेली. खांदे शांतपणे वर जात होते आणि खाली येत होते.

दिवाणजी धावत आले. कोणीतरी त्यांना सांगितलं असावं. आल्या आल्या त्यांनी हात जोडले आणि तसेच उभे राहिले. त्यांना चांगलं सुनवायचं महामायाच्या मनात होतं, पण त्या माणसाकडे पाहून तिला ते जमलं नाही.

"बसा दादा," ती म्हणाली. "तुमी काही मुद्दाम नाई केलं."

"मम्मी," प्राची गूळ चघळत म्हणाली, "ते आजी चांगली हाये. तिनं मले विचारलं, तुले दम लागते काय. मी म्हटलं हाव."

"मंग?"

"मंग ते म्हणे, मले तं काहीच लागत नाई. ना दम, ना खोकला. देतं काय मले? मी म्हटलं, घे."

सोजराबाई पाणी ओतत होती. तिचा हात मधेच थांबला. मग तिनं तांब्या पुरता भरला आणि प्राचीच्या हातात दिला. ती बाई कोण, हे महामायानं विचारलं तेव्हा सोजराबाई एवढंच म्हणाली, "मी लग्न होऊन आली तव्हापासून हाये. कोनी म्हणते खानदेशातली, कोनी म्हणते बऱ्हाणपूरकडची. इथी कोन कुठून आलं, कोनं लिहून ठेवलं?" आणि जाताना तिनं महामायाचा फोन नंबर मागून घेतला.

दोनला त्या दवाखान्यात होत्या. दोघींच्या केसांत मिरचीचा चुरा, डोळे लाल, आणि कंपाउंडर नाकाला रुमाल लावून लांब उभा. डॉक्टरांनी प्राचीची छाती पुढून ऐकली, पाठीमागून ऐकली, पुन्हा पुढून ऐकली. जुनी चिठ्ठी काढून वाचली.

"एकदम साफ आहे," ते म्हणाले. "मागच्या महिन्यात हीच होती ना?"

परतीच्या बसमध्ये महामायानं पोरीला खिडकीजवळ बसवलं. एरवी ती काच लावून घ्यायची. त्या दिवशी उघडीच ठेवली. मोताळ्याच्या अलीकडे वाऱ्यावर धूळ आली, प्राचीनं ती खुशाल नाकात घेतली, आणि तिला काही झालं नाही.

मग दिवस सुखाचे आले. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. गटाचा मसाला हातोहात खपला आणि बायांनी पहिल्यांदाच महामायाचं कौतुक केलं. पंप कपाटात गेला, कपाटात मागं सरकला. देवानंदाला तिनं सगळं सांगितलं होतं. त्यानं डोकं खाजवलं आणि म्हटलं, एवढ्या तिखटानं छाती मोकळी झाली असन, दुसरं काय. तिलाही ते पटलं, कारण तिला ते पटवून घ्यायचंच होतं. पोर रात्रभर सलग झोपत होती. पोर पळत होती. तीन वर्षांनी महामायाही सकाळपर्यंत सलग झोपायला लागली होती, आणि या सुखापुढं तिला कुठलाच प्रश्न विचारायचा नव्हता.

एप्रिलातल्या एका रविवारी दुपारी जेवणं आटोपली होती. अंगणात प्राची दोरीवरच्या उड्या मारत होती आणि मोठ्यानं मोजत होती. महामाया ओट्यावर भांडी पुसत होती. तेवढ्यात फोन वाजला.

"मी सोजराबाई बोलून राह्यली. पोरगी कशी हाये व?"

"बेस हाये, मावशी. उड्या मारून राह्यली इथीच."

"खोकते काय?"

"नाई. त्या दिवसापासून एकदाबी नाई."

पलीकडून बाजाराचा दूरचा गलका येत होता.

"आमी जेवाले बाहेर आलो आता," सोजराबाई हळूच म्हणाली. "आत कोनी नाई. पंधरा दिवस झाले, रोज दुपारी… मले वाटलं, तुले सांगाव का नाई… आता आयक."

तिनं फोन वखारीच्या दाराशी धरला असावा. गलका कमी कमी होत गेला आणि मग नाहीसाच झाला. त्या शांततेत कोणीतरी खोकत होतं. बाईमाणसाचा खोकला नव्हता तो. बारीक होता, लेकराचा होता. तीन तीनदा यायचा, मग श्वास ओढल्याची शिट्टी, मग पुन्हा तीनदा. लाख पोरांच्या घोळक्यातून महामायानं तो ओळखला असता.

तिनं अंगणात पाहिलं. प्राची उड्या मारत होती. एकतीस, बत्तीस, तेहेतीस. गाल लाल झालेले, वेण्या उडत होत्या, श्वास मोकळा. आणि कानाशी तीच प्राची जीव खाऊन खोकत होती.

महामायाला फोन ठेवून द्यायचा होता. पण तीन वर्षांची सवय हातापायांत भिनलेली होती, आणि तिच्या तोंडून आपसूकच निघून गेलं, "हळू, बाळा… हळू… घोटभर पाणी पी."

तिकडचा खोकला थांबला. मग कोणीतरी शहाण्यासारखं घोट घोट पाणी प्यायल्याचा आवाज आला.